इंजिनीअरिंगची वाट नववीच्या गणितातून जाते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आदिवासी तालुक्यांत करिअर मार्गदर्शनाचे मेळावे भरतात. इंजिनीअर व्हा, असे मुलांना मनापासून सांगितले जाते. पण समोर बसलेल्या बारावीच्या मुलाने अकरावीत गणित सोडून जीवशास्त्र घेतले असेल, तर त्या सांगण्याचा त्याला काहीच उपयोग नाही. अभियांत्रिकी पदवीला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे आहे. त्याची वाट दोन वर्षांपूर्वीच बंद झालेली असते आणि तेव्हा ते त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे : जोर लावायचा तो नववी, दहावी आणि अकरावीत लावा.

आधी गणिताचे बघू. दहावीला बीजगणित 40, भूमिती 40 आणि अंतर्गत 20 असे गुण असतात. पास एकत्रित 35 ला. म्हणजे भूमितीचा पेपर जवळजवळ कोरा ठेवूनही मूल पास होऊ शकते. जिथे गणिताचे पद रिकामे आहे किंवा तासिका तत्त्वावरचा शिक्षक दिवाळीनंतर मिळतो, तिथे हाच रस्ता धरला जातो. मुलांना पास करायचे तर शिक्षकाला दुसरे काही सुचत नाही, त्याला दोष देता येत नाही. पण त्रिकोणमिती, निर्देशक भूमिती आणि महत्त्वमापन हे सगळे भाग दोनमध्ये, म्हणजे भूमितीतच आहे. पुढे इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी बलाचे दोन घटक काढायला त्रिकोणमितीतले साइन-कोसाइन लागतात, ड्रॉइंगमध्ये प्रक्षेप लागतात. पहिल्या सत्रात मेकॅनिक्स आणि एम-वन (गणिताचा पहिला पेपर) हे विषय नापास म्हणून राहतात, त्याचे मूळ बहुतेक वेळा इथे सापडते. मुलाची बुद्धी कमी पडलेली नसते, त्याचा अर्धा विषय शिकवायचाच राहून गेलेला असतो.

आणि हा विषय आदिवासी मुलाला परका नाही. घर शाकारताना आढे (छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड) किती उंच घ्यायचे आणि वासा (आढ्यापासून भिंतीकडे उतरणारे लाकूड) किती लांब तोडायचा, हे तो लहानपणापासून पाहतो. घराची अर्धी रुंदी 3 मीटर आणि भिंतीच्या माथ्यापासून आढे सव्वादोन मीटर वर असेल, तर वासा पावणेचार मीटर भरतो. वळचणीसाठी, म्हणजे भिंतीबाहेर येणाऱ्या छपरासाठी, अर्धा मीटर जादा धरायचा. 3 चा वर्ग 9, 2.25 चा वर्ग 5.0625, बेरीज 14.0625 आणि तिचे वर्गमूळ 3.75. हेच पायथागोरसचे प्रमेय. उंचीला अर्ध्या रुंदीने भागले की 0.75 येते, हा त्या छपराचा चढ, कोन सुमारे 37 अंशांचा, आणि 0.75 हाच त्या कोनाचा टॅन. एक मोजपट्टी आणि दोऱ्याला दगड बांधलेला कोनमापक घेऊन वर्ग बाहेर काढला, तर दोन तासिकांत टॅन म्हणजे काय ते मुलांच्या हाताला कळते. झऱ्यावरून नळाने आणलेल्या पाण्याचेही तसेच. झरा 10 मीटर उंचावर असेल तर खाली तोटी बंद असताना चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो दाब मिळतो. तोटी सोडल्यावर तो का घटतो, हा प्रश्न मुलांना विचारून पाहा. नळाचा व्यास, लांबी, घर्षण सगळे त्यांच्याच तोंडून निघते.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. पावरी, भिली, वारली, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या मुलासाठी मराठीच दुसरी भाषा असते. अकरावी विज्ञानाला सगळे एकदम इंग्रजीत येते. चढाचा स्लोप होतो, लसावि एलसीएम होतो, वर्गसमीकरणाचे क्वाड्रॅटिक इक्वेशन होते. ज्याला ते येते त्यालाही ते येत नाही असे वाटू लागते. सीईटीत, म्हणजे राज्याच्या इंजिनीअरिंग प्रवेश परीक्षेत, भौतिक आणि रसायनशास्त्राचे प्रश्न मराठीतून घेता येतात, गणिताचे फक्त इंग्रजीत असतात, आणि तिथे गणिताच्या 50 प्रश्नांना प्रत्येकी 2 गुण आहेत. म्हणजे 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे. यावर उपाय स्वस्त आहे. नववीपासून प्रत्येक धड्याच्या मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा फळ्यावर लिहायची आणि आठवड्याला पाच गणिते इंग्रजीत वाचून मराठीत सोडवायची. दीडेकशे शब्द पक्के झाले की भीती जाते. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हेही आधी सांगून ठेवावे. मुले घाबरून प्रश्न कोरे सोडतात.

दहावीनंतर पॉलिटेक्निक, म्हणजे तंत्रनिकेतन, हा रस्ता आमच्या मते सर्वांत कमी सांगितला जातो. दहावीला 35 टक्के ही पात्रता, प्रवेश परीक्षा नाही, दहावीच्या गुणांवर प्रवेश, अनुसूचित जमातीला 7 टक्के जागा. तीन वर्षांची पदविका झाली की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. दोन वर्षांची आयटीआय केलेल्यालाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाचे दार उघडे आहे. शिकवणे आता मराठी-इंग्रजी द्विभाषिक पद्धतीनेही होते. नंदुरबार, विक्रमगड, गडचिरोली इथे शासकीय तंत्रनिकेतने आहेत, म्हणजे मुलीला मुंबई-पुण्याला पाठवायला कचरणाऱ्या घरालाही हा मार्ग परवडतो. ज्याची तयारी खरोखर भक्कम आहे त्याला जेईईकडे, म्हणजे केंद्रीय संस्थांच्या प्रवेश परीक्षेकडे, जरूर वळवा. केंद्रीय संस्थांत जमातीसाठी साडेसात टक्के जागा आहेत, आणि थोडक्यात हुकलेल्यांसाठी आयआयटींमध्ये वर्षभराचा पूर्वतयारी अभ्यासक्रमही असतो. ही सोय आश्रमशाळांतल्या फार थोड्या शिक्षकांना माहीत आहे.

आता कागद. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, पण व्यावसायिक प्रवेशाला जमात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र, म्हणजे दाखला खरा असल्याची खातरी, लागते आणि मुले अडकतात ती इथे. अर्ज अकरावीत शाळेमार्फत करावा, बारावीच्या निकालाची वाट पाहू नये. अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950 ही तारीख महत्त्वाची, जमातींच्या यादीचा आदेश त्या दिवशी निघाला. त्याआधीचा कागद सर्वांत वजनदार. आजोबा शाळेत गेले असतील तर त्यांच्या शाळेतून प्रवेश निर्गम नोंदवहीचा उतारा काढा, विदर्भात त्याला दाखलखारीज म्हणतात. शाळेत गेलेच नसतील, आणि हे फार घरांत असते, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकातली (गावच्या कोतवालाच्या जुन्या वहीतली) जन्ममृत्यूची नोंद शोधा. वडील, सख्खे काका किंवा आत्या यांच्यापैकी कोणाला वैधता मिळालेली असेल, तर वंशावळीच्या शपथपत्रासोबत तिची प्रत पहिल्यांदा जोडा. बोलीभाषा, देवदेवता, लग्नविधी विचारून होणारी आप्तभाव चाचणी हीच निर्णायक कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. कागद भक्कम असलेल्या पालकाने चौकशीला बिचकू नये.

घात होतो तो नोंदींतल्या फरकाने. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू कोळी' आणि मुलाच्या दाखल्यावर 'कोळी महादेव', एकीकडे 'गावित' तर दुसरीकडे 'गावीत'. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी घाईत जे लिहिले ते बारा वर्षांनी समितीसमोर उभे राहते. मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवता येतो. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर ते फार अवघड होते. म्हणून आठवीतच प्रत्येक मुलाची नोंद वडिलांच्या नोंदीशेजारी ठेवून एकदा वाचावी. शंभर मुलांच्या शाळेत हे दोन दिवसांचे काम आहे.

पैशाचे गाडे बहुधा अगदी किरकोळ कारणाने अडते. प्रवेशाचा अर्ज सायबर कॅफेत भरताना मोबाइल क्रमांक दुकानदाराचा टाकला जातो, मग पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो आणि पसंतीक्रम बदलायच्या दिवशी दुकान बंद असते. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात येते. मुलाने शहरात नवे खाते उघडून आधार तिकडे जोडले की पैसे त्या खात्यात जातात, आणि तो गावच्या बँकेचे पासबुक भरून घेत बसतो. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला 60 हजार रुपये, भोजन 32, निवास 20 आणि निर्वाह भत्ता 8 हजार अशा हिशेबाने. योजना चांगली आहे. पण घरमालक अनामत आणि भाडे पहिल्याच दिवशी मागतो, आणि हप्ता उशिरा येतो. मजुरीवर घर चालवणारा बाप ते आगाऊ कुठून भरणार? पहिल्या सत्रातच घरी परतणारी मुले आम्ही याच कारणाने परतताना पाहतो. पहिला हप्ता आणि वसतिगृहाची यादी कॉलेजचा पहिला तास सुरू होण्याआधी आली, तर यातली बरीच मुले टिकतील.

राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून हजारावर आश्रमशाळा आहेत. नववी ते अकरावीची गणिताची पदे जूनमध्येच भरावीत आणि वैधता प्रमाणपत्राची शिबिरे प्रकल्प कार्यालयांनी दर डिसेंबरात शाळेतच भरवावीत, ही आमची आदिवासी विकास विभागाला विनंती. आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. पॉलिटेक्निक आणि सीईटी प्रवेशाच्या तारखा, लागणाऱ्या कागदांची यादी आणि पडताळणी समितीचा पत्ता मे महिन्यात जिल्हा आवृत्तीच्या पहिल्या पानावर ठळक छापावा. नेटवर्क नसलेल्या पाड्यावर ते पान एसटीने पोहोचते.

आपले,
आश्रमशाळा व तंत्रनिकेतनांतील काही गणित शिक्षक,
नाशिक विभाग