‘चिप मेली’ म्हणण्याआधी क्लॉक तपासायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

रबाळ्याला आमच्या टेस्टिंगच्या टेबलावर येऊन आपण जे शिकवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितो आहोत, कारण महाप्यापासून वागळे इस्टेटपर्यंत एटीमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलर चिपचे बोर्ड बनवणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

आपलं पहिलं वाक्य होतं, ‘आधी गुणोत्तर काढा,’ म्हणजे ठरवलेला वेग आणि प्रत्यक्ष दिसणारा वेग यांचं. कोरी चिप कारखान्यातून येते तेव्हा तिचा लो फ्यूज (क्लॉक, म्हणजे चिपच्या कामाचा ठेका, कुठून घ्यायचा ते ठरवणारी आतली सेटिंग) हेक्समध्ये ६२ असतो, म्हणजे क्लॉक देणारा आतला ८ मेगाहर्ट्झचा आरसी ऑसिलेटर आणि त्याला ८ ने भाग. चिप १ मेगाहर्ट्झवर चालते आणि प्रोग्राम मात्र १६ मेगाहर्ट्झ धरून कंपाइल केलेला असतो. मग एलईडीचा एका सेकंदाचा ब्लिंक १६ सेकंदांचा होतो आणि ९६०० बॉडची (सेकंदाला ९६०० बिट) सिरियल ६०० वर बोलते. टर्मिनल ६०० वर लावायचं; अक्षरं नीट वाचता आली की दोष क्रिस्टलचा (बाहेरून लावलेल्या, अचूक क्लॉक देणाऱ्या भागाचा) नाही, फ्यूजचा आहे हे नक्की. ४८०० वर वाचता आली तर भागाकार निघालाय, पण चिप अजून आतल्या ८ मेगाहर्ट्झवरच आहे. स्कोप (सिग्नल पाहण्याचं यंत्र) न लावता इतकं कळतं, हे आपल्याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

१ मेगाहर्ट्झवरच्या चिपशी प्रोग्रामर बोलत नाही, याचंही कारण आपण उलगडलंत. आयएसपीचा (बोर्डावरच चिप प्रोग्राम करण्याच्या पद्धतीचा) क्लॉक चिपच्या क्लॉकच्या चौथ्या हिश्श्याहून कमी हवा, म्हणजे इथे २५० किलोहर्ट्झच्या आत. एव्हीआरड्यूड या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बिट क्लॉक १० मायक्रोसेकंद केला की वेग १०० किलोहर्ट्झवर येतो आणि सिग्नेचर (चिपची ओळख-संख्या) वाचली जाते. १ई ९५ ०एफ आली तर ३२८पी. १ई ९५ १६ आली तर ती ३२८पीबी, आणि तिच्यात फुल स्विंग ऑसिलेटरच (क्रिस्टल जास्त जोराने चालवणारी सोय) नाही. ३२८पीवर मोटर-रिलेच्या गोंगाटासाठी आपण सुचवलेला लो फ्यूज एफ७ तिथे चालणार नाही, तिला क्रिस्टलचं साधं सेटिंग एफएफच.

सगळ्यात मोठं ऋण मात्र ‘मेलेल्या’ चिपांचं. फ्यूजमध्ये ० म्हणजे चालू आणि १ म्हणजे बंद. हे उलटं धरून कुणी सीकेसेलचे (लो फ्यूजमधल्या, क्लॉकचा स्रोत निवडणाऱ्या भागाचे) चारही बिट ० केले, की चिप बाहेरच्या क्लॉकची वाट पाहत बसते. क्रिस्टल लावलेला असूनही उपयोग नाही, कारण त्याला हलवणारा अ‍ॅम्प्लिफायर त्या सेटिंगमध्ये वापरातच नसतो. क्लॉक नाही म्हणून आयएसपीही नाही. त्यावरचा आपला उपाय असा: दुसऱ्या १६ मेगाहर्ट्झच्या अर्डुइनो ऊनो बोर्डावर टायमर १ सीटीसी मोडमध्ये (ठरावीक आकड्यापर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येणारा), टॉगल आउटपुट, प्रीस्केलर १, आणि तो आकडा ठेवायच्या ओसीआर१ए मध्ये ७. त्याच्या ९ नंबरच्या पिनवर १ मेगाहर्ट्झचा चौकोनी क्लॉक मिळतो. तो अडकलेल्या डीआयपी चिपच्या ९ नंबरच्या पायावर, म्हणजे एक्सटल १ वर द्यायचा. दोन्ही बोर्डांचा ग्राउंड एक करायचा. हे राहिलं की बाकी सगळं बरोबर असूनही काही घडत नाही. मग वरच्याच मंद वेगाने लो फ्यूज एफएफ लिहायचा, वीज बंद करून उसना क्लॉक काढायचा आणि क्रिस्टलवर सुरू करायचं. चिपला काहीच झालेलं नसतं.

कपॅसिटरचं गणितही आता पाठ झालंय. क्रिस्टलची लोड कपॅसिटन्स १६ पिकोफॅरड असेल, तर त्यातून ट्रॅक आणि पायांचे साधारण ५ वजा करायचे, उरलेल्या ११ ची दुप्पट करायची: दोन्ही बाजूंना २२. ‘पेटीत होते ते’ लावायचे नाहीत. आणि क्रिस्टलच्या पायावर स्कोपचा प्रोब टेकवायचा नाही, विशेषतः १एक्सवर (सिग्नल कमी न करणाऱ्या सेटिंगवर). त्याची शंभरेक पिकोफॅरड कपॅसिटन्स चालू ऑसिलेटर बंद पाडते आणि आपण चांगल्या क्रिस्टलला दोष देतो. त्यापेक्षा लो फ्यूज थोडा वेळ बीएफ करायचा, १४ नंबरच्या पायावर बफर केलेला क्लॉक मिळतो, तिथे फ्रिक्वेन्सी मोजायची आणि परत एफएफ.

पावसाळ्यात बोर्ड सकाळी उठत नाही आणि हेअर ड्रायर फिरवला की उठतो, त्याचं मूळ क्रिस्टलखाली राहिलेल्या सोल्डरिंगच्या फ्लक्समध्ये असू शकतं, हेही आपणच दाखवलंत. दमट हवेत तो ओल धरतो आणि दोन पायांमध्ये गळती सुरू होते. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशने ती जागा धुणं आता सोल्डरिंगनंतरच्या कामातच धरलं आहे.

टेस्टिंगच्या प्रत्येक जिगवर (बोर्ड बसवून तपासायच्या साच्यावर) आता लो, हाय आणि एक्स्टेंडेड फ्यूजची पट्टी आपण सांगितलीत तशी चिकटवली आहे. आतल्या आरसीवर सिरियल चालवणाऱ्या बोर्डांचं ऑसकॅल (आरसीचा वेग जुळवणारी नोंद) तेवढं बाकी आहे. कारखान्याची अचूकता अधिक-उणे १० टक्के आणि सिरियलला चालतात जेमतेम २, म्हणून प्रत्येक चिप वेगळी जुळवावी लागेल. त्यासाठी पुन्हा एकदा यावं, ही विनंती.

आपली,
रबाळे एमआयडीसीतली टेस्टिंगची मंडळी