यंदा मे महिन्यात आम्ही उशिरा येतोय

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई "बरं बरं" म्हणते आणि फोन बाबांकडे देते, बाबा स्पीकर लावतात, पडवीतून काकू "काय म्हणतोय?" विचारते, आणि सांगायचं ते राहून मी विहिरीवरच्या पंपाबद्दल बोलत बसतो. म्हणून कागद घेतला.

तर आधी सांगूनच टाकतो. यंदा ही आणि सोनू एप्रिलअखेर येणार नाहीत. आम्ही तिघं १ मेला हिमालयात, उत्तराखंडातल्या कुमाऊँला जातोय. १३ला पुण्यात परत आणि १५च्या संध्याकाळी तुमच्याकडे. २४पर्यंत राहू. साठलेली सगळी रजा काढलीय, त्यामुळे माझे दिवस उलट वाढलेच आहेत. कमी झालेत ते हिचे आणि सोनूचे.

आधी का नाही बोललो? रेल्वेचं रिझर्व्हेशन हल्ली ६० दिवस आधीच खुलं होतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. तिकिटं हातात आल्याशिवाय बोलायचं नव्हतं. हे कारण खरं आहे. धीर होत नव्हता, हेही खरं आहे.

हिने हट्ट केला असं कृपा करून मनात आणू नका. आई, तू बोलणार नाहीस, पण काकू बोलेल, म्हणून सांगतो. हट्ट मीच करत होतो. लग्नाला १४ वर्षं झाली. कोरोनाची दोन सोडली तर प्रत्येक मे महिना आपल्या घरी. शाळेची सुट्टी लागली की ही सोनूला घेऊन पुढे येते, मी शेवटचे आठ दिवस येतो, झोपाळ्यावर पडतो आणि "अहाहा, सुट्टी" म्हणतो. हिला लग्नाआधीपासून हिमालय बघायचाय. मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी तेव्हा हो म्हटलं होतं. पहिल्या भेटीत माणूस कशालाही हो म्हणतो.

या वेळी मी तडजोड म्हणून काय सुचवलं माहितेय? येता-येता तीन दिवस महाबळेश्वर. ती हसली. मग मी म्हटलं, तू जा हिमालयात, मी जातो घरी. तेव्हा सोनू अभ्यासाच्या टेबलावरून म्हणाली, "आणि मी कुणाबरोबर?" दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी ही एकच वाक्य बोलली. लिहू की नको असं झालंय, पण लिहितो, कारण ते तुझ्याविरुद्ध नाही आई, माझ्याविरुद्ध आहे. म्हणाली, "तू सुट्टीवर जातोस, मी सासरी जाते."

तू लगेच विचारशील, तिला आपल्याकडे काय कमी केलं? काहीच नाही. तू तिला पहिला पिकलेला आंबा देतेस, माझ्या आधी. पण सकाळी चौदा माणसांचा मऊ भात, मग आंब्याची साठं घालणं, ती उलटणं, ढग आले की पळत जाऊन उचलणं, पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे. हे ती मनापासून करते. तुझ्याकडून शिकलेलं साठं ती इथे शाळेतल्या बायकांना मिरवत देते. फक्त त्याला सुट्टी म्हणायचं का, एवढाच तिचा प्रश्न होता, आणि मला उत्तर देता आलं नाही.

शेवटी कालनिर्णयचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि तिघांनी त्यावर लिहिलं, जे सोडता येणार नाही असं प्रत्येकी काय आहे. मी लिहिलं: पिकत घातलेल्या आंब्यांची अढी उघडताना तिथे असणं, आणि झोपाळा. हिने लिहिलं: बर्फाचं शिखर, आणि सकाळचा चहा आयता. सोनूने लिहिलं: ट्रेनची वरची बर्थ. एवढंच. इतके दिवस भांडत होतो ते बाकीच्याच गोष्टींवर. झोपाळा आणि शिखर एका मे महिन्यात बसत होते, फक्त कुणाचाच महिना पूर्ण राहत नव्हता.

आता काळजीचं. दिल्लीहून रात्रीची गाडी पहाटे काठगोदामला सोडते, तिथून पुढे जीप. कौसानी १,८९० मीटरवर आहे. बाबा, महाबळेश्वर १,३५०च्या आसपास, म्हणजे त्यावर आणखी एक घाट चढलं की आलंच. मुनस्यारी २,२०० मीटर. ऑक्सिजन कमी पडतो तो भाग हा नव्हे. राहायला कुमाऊँ मंडल विकास निगमची विश्रामगृहं घेतलीत. सरकारी आहेत म्हटल्यावर तुमचा निम्मा विरोध मावळेल असा अंदाज आहे. कौसानीत गांधीजी १९२९मध्ये जिथे राहिले होते, तिथे आता अनासक्ती आश्रम आहे. तिथून तुम्हाला पोस्टकार्ड टाकीन, बहुतेक मी घरी पोचल्यावर ते पोचेल.

मे महिन्यात तिकडे धुरकट असतं, जंगलात वणवे लागतात, नंदादेवीचं शिखर पहाटे दिसलं तर दिसलं. हे हिला माहीत आहे. तरी जायचंय. मीही आता विचारत नाही, न दिसलं तर काय.

बाबा, एक जुनी गोष्ट काढतो, रागावू नका. मी पाचवीत होतो तेव्हाची निळी पिशवी. आईने काशीला जायची भरली होती आणि ऐन वेळी राखणीचा गडी पळाला. तुम्ही म्हणालात, "आंबा टाकून कसं जायचं?" बरोबरच होतं. त्या वर्षी आंबा हातचा गेला असता तर माझी फी कुठून आली असती? पण मला दिसतंय ते एवढंच की आईने माजघरात बसून पातळं एक-एक काढून परत फडताळात लावली आणि पिशवीच्या तळाशी गंगेचं पाणी आणायला घेतलेला पांढरा कॅन राहिला. पुढे तो रॉकेलला लागला. मी त्यातून रॉकेल ओतायचो आणि तेव्हा मला काहीच वाटायचं नाही.

म्हणून दुसरं ठरवलंय, आणि तेही तुम्हाला न विचारता. दिवाळीच्या सुट्टीत ही आईला काशीला नेणार. कल्पना हिचीच. बाबा, तुम्हाला यायचं असेल तर आनंदच. यायचं नसेल तर तुम्हाला ओढून नेणार नाही. मी तेवढे दिवस घरी येऊन राहीन. आपण दोघं पिठलं-भात करू, पत्ते खेळू, तुम्ही मला मोहोरावरची फवारणी चौथ्यांदा समजावून सांगा. नवरा-बायकोला एकाच गाडीत बसवलंच पाहिजे असं कुठे आहे? आई, गुडघ्याचं कारण सांगू नकोस. घाटाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, नावेतून बघायचं. बनारसच्या गाडीची खालचीच बर्थ घेईन.

आता १५ मेपर्यंतचं नीट वाचा. खालच्या आळीतल्या ताई १ तारखेपासून रोज दोन वेळा येतील, पैसे मी दिलेत. परस्पर ठरवलं म्हणून आई, तू दोन दिवस फुगशील, चालेल. फणस तिलाच फोडू दे. तू विळीवर बसायचं नाहीस, ओट्याजवळची खुर्ची शोभेला ठेवलेली नाही. साठं आठ-दहा पुरेत. मागच्या वर्षीची अजून आमच्या डब्यात आहेत. खरं सांगायचं तर दोनच उरलीत, बाकी मी रात्री उठून खाल्ली.

बाबा, आंबे काढायचा झेला घेऊन शिडीवर चढायचं नाही. जमिनीवरून पोचेल तेवढंच. मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला लांबचं फार छान दिसतं, हे मान्य. पण पायाखालची पायरी जवळ असते. आणि डागी आंबा वाया जातो म्हणून खाल्ला तरी तो खाल्लेलाच असतो, साखरेला कारण कळत नाही. गोळ्या मेअखेरपर्यंतच्या कुरिअरने पाठवल्यात, सकाळच्या लाल पुडीत, रात्रीच्या पांढऱ्या. रात्री मागच्या दारी जाताना बॅटरी घेऊनच जायचं. तिकडे डोंगरात रेंज जाते, दोन दिवस फोन नाही आला तर पुतण्याला पिडू नका, मी मुक्कामाचे नंबर लिहून पाठवतो.

लहानपणी ताप आला की आई, तू कपाळावर हात ठेवायचीस आणि म्हणायचीस, "उतरतोय." उतरत नसला तरी. हे पत्र लिहिताना सारखं तेच आठवतंय, का कोण जाणे.

रागावला असाल तर सोनूला फोन करा, तिच्यावर तुम्हाला रागावता येत नाही.

तुमचा,
बंड्या

ता. क. अढीतल्या पायरी आंब्यांचा एक थर १५ तारखेपर्यंत झाकून ठेवा, मी आल्याशिवाय उघडायचा नाही. आणि बाबा, पंपाच्या कपॅसिटरवर आकडा लिहिलेला असतो, तेवढा वाचून कळवा, येताना नवा घेऊन येतो.