काम सोडून गेलेल्या बाईची तक्रार घ्या

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदया,

राज्यातल्या कितीतरी शाळांचे गणवेश आमच्या सोलापुरात शिवले जातात. "बायका टिकत नाहीत, न सांगता जातात," ही इथल्या मालकांची नेहमीची तक्रार. मी स्वतः अशा युनिटमध्ये शिलाई केली आहे, म्हणून त्या का जातात ते सांगते.

टाका बघायच्या निमित्ताने सुपरवायझर मागून मशीनवर वाकतो. एक हात कापडावर, दुसरा पाठीवर. बाई अंग चोरून शिवत राहते, कारण मजुरी पिसावर, म्हणजे शिवलेल्या नगावर असते. ती बोलली, की दुसऱ्या दिवसापासून सोपा माल दुसरीला आणि उसवून पुन्हा शिवायचा ढीग हिच्यापुढे. मग ती काम सोडते. हजेरीच्या वहीत तिच्या नावावर रेघ पडते, सुपरवायझर मात्र तिथेच. घरीही ती खरं सांगत नाही. सांगितलं तर कामाला जाणंच बंद होईल.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने १० किंवा जास्त कामगार असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती सक्तीची केली. आमच्याकडे आठ-नऊ मशिनांचे गाळे पुष्कळ. तिथल्या बाईसाठी, किंवा खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. ती कुठे बसते, हे माझ्याबरोबरच्या एकीलाही ठाऊक नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या समित्यांसाठी राज्यांना मुदत घालून दिली. कागदावर काय झालं असेल ते असो, गाळ्यापर्यंत काही पोचलेलं नाही.

शहरात वॉर्डावॉर्डात तक्रार घेणारा नोडल अधिकारी नेमायची तरतूद कायद्यातच आहे. तो नेमा, शक्यतो बाईच नेमा. तिचं नाव आणि नंबर रेशन दुकानावर, अंगणवाडीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लावा. काम सोडलेल्या बाईलाही तक्रार करता येते आणि त्याला ३ महिन्यांची मुदत आहे, हे त्यावर ठळक लिहा. कामगार खात्यालाही सांगा: तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने मालकासमोर बसलेल्या बायकांना विचारून काही कळायचं नाही. वर्षभरात सोडून गेलेल्यांची नावं मागून त्यांच्या घरी जावं.

गणवेशाचा हंगाम सुरू व्हायच्या आत हे करा. तेव्हा नव्या मुली कामाला येतात.

आपली,
एक शिलाई कारागीर, सोलापूर