मेजरकाकांना जाहीर आभारपत्र: चुकणाऱ्या गोळ्यांचा माग

मेजरकाका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठेही लिहायचं नाही असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून लिहीत नाही. साताऱ्यात फौजेतून निवृत्त झालेल्यांची काही कमी नाही, अपशिंगे गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे, तेव्हा हे पत्र वाचून कुणी तुम्हाला हुडकत येईल अशी भीती बाळगू नका. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते सातारा-सांगलीकडे आज्या-पणज्यांची .२२ रायफल सांभाळून असलेल्या घरांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

रायफलची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे, वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आजोबांनी ती सशा-तितरांसाठी घेतली होती. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आमच्या घरातला शिकारीचा विषय संपला. रायफल तेल लावून कपाटात गेली. आजोबांच्या पश्चात वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झाला आणि मी ती रेंजवर न्यायला लागले. ५० मीटर अंतर, समोर कागदी टार्गेट. बस एवढंच. उन्हाळाभर ती इतकी गुणाने वागली की आजोबांचा हात अजून तिच्यावर आहे असं वाटायचं.

पावसाळा सरला आणि तिचं तंत्र बिघडलं. पहिल्या काही गोळ्या जागेवर बसायच्या, मग हळूहळू डावीकडे सरकायला लागायच्या. मध्येच एखादी सगळ्यांना सोडून उजवीकडे खाली जायची. ५० मीटरच्या रायफल टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि गोळीच साधारण ५.६ मिलिमीटरची. तिथे दोन बोटं इकडे-तिकडे म्हणजे सगळंच गेलं. कुणी म्हणालं ट्रिगर ओढताना हात हलतो. कुणी म्हणालं चष्मा बदल. एका दुकानात तर नळीकडे नुसतं पाहून सांगितलं की नळी मेली, आता ही शोभेला ठेवा. त्या दिवशी घरी येऊन मी कुणाशी बोलले नाही.

तुम्ही रेंजवर आलात तेव्हा सगळ्यात आधी मॅगझिन काढलंत, बोल्ट मागे घेतलात, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं असल्याचं स्वतः बघितलंत आणि मग शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाला बघायला लावलंत. फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, म्हणून सगळी उमर काढलेला माणूस, पण एकदाही "मला माहितीय, रिकामीच आहे" असं म्हणाला नाही. रेंजवरच्या पोरी आता तसंच करतात. तुम्ही गेल्यावरसुद्धा.

मग तुम्ही जुनी टार्गेट मागितलीत. मी ढीग पुढे केला. तुम्ही विचारलंत, "पोरी, यातली पहिली गोळी कुठली आणि शेवटची कुठली?" ते कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. भोकांवर नंबर कोण घालतं? तुम्ही घालायला लावलेत. एक गोळी, दुर्बिणीतून बघायचं, वहीत गोल काढून त्यात ठिपका आणि शेजारी आकडा. त्या वहीची पहिली दोन पानं भरली तेव्हाच अर्धं कोडं सुटलं होतं, फक्त ते मला कळलं नव्हतं. तुम्हाला कळलं होतं. तरी तुम्ही उत्तर सांगितलं नाहीत.

ठिपके कसे वाचायचे ते तुम्ही त्या बाकावर बसून शिकवलंत ते मी इथे मुद्दाम लिहिते. गोळ्या उभ्या रेषेत वर-खाली पसरत असतील तर आधी श्वास आणि काडतुसं बघायची, कारण वेगात फरक पडला की गोळी वर-खाली बसते. .२२ मध्ये बारूद पेटवणारा मसाला काडतुसाच्या कडेत असतो, म्हणून फायरिंग पिन झिजली किंवा स्प्रिंग ढिली पडली की ठोका एकसारखा बसत नाही आणि तोही फरक उभाच दिसतो. आडव्या पसरत असतील तर वारा, ट्रिगर आणि गाल टेकवायची जागा. एका दिशेने सावकाश सरकत जात असतील तर नळी आणि ती ज्यात बसते त्या लाकडाचं काहीतरी. आणि दोन वेगळे झुबके पडत असतील, मध्ये मोकळी जागा, तर काहीतरी सुटलंय आणि दोन जागांमध्ये हलतंय. एवढं सांगून तुम्ही वही माझ्याकडे सरकवलीत. माझ्या पानांवर सावकाश सरकणंही होतं आणि दुसरा झुबकाही होता.

तरीही तुम्ही स्क्रूड्रायव्हर हातात घेतला नाहीत. आधी हात तपासायचा म्हणालात. रेंजवरची सगळ्यात भरवशाची नेमबाज मुलगी माझ्या रायफलवर बसली, मी शेजारी उभी, मग तिच्या रायफलवर मी. तिच्या रायफलवर माझा ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा झुबका, आवळ पडला. माझ्या रायफलवर तिच्या गोळ्याही तशाच डावीकडे सरकल्या. तेव्हा तुम्ही फक्त "हात बरा आहे" एवढं म्हणालात. मेजरकाका, कित्येक महिने सगळ्यांकडून उलटं ऐकल्यावर ते तीन शब्द माझ्यासाठी काय होते हे तुम्हाला तेव्हा सांगता आलं नाही.

मग काडतुसं. खोक्यावरचा लॉट नंबर बघून, सगळी एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली, वापरायची. काडतुसाची कंपनी बदलली की नळीतला मेणाचा-चरबीचा थर बदलतो आणि नवीन थर बसेपर्यंत गोळ्या भटकतात, म्हणून त्या पहिल्या गोळ्या हिशेबात धरायच्या नाहीत. वेगवान काडतूस घेतलं की वाऱ्याचा त्रास कमी होईल असं रेंजवर बरेच जण मानतात. तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत की .२२ ला उलटं आहे. साधं काडतूस ध्वनीच्या वेगाच्या खाली, सेकंदाला ३३० मीटरच्या आत सुटतं. वेगवान त्याच्या वरून सुटतं, हवेच्या अडथळ्याने वाटेत जास्त वेग गमावतं आणि आडवा वारा त्याला जास्त सरकवतो. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर साध्या गोळीलाही साधारण अडीच सेंटिमीटर हलवतो. दहाचं वर्तुळ त्याच्या निम्म्याहूनही लहान. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. म्हणून तुम्ही सकाळी उजाडताच, वारा पडलेला असताना बोलावलंत आणि फाटक्या ओढणीच्या चिंध्या काठ्यांना बांधून टार्गेटपर्यंत लावल्यात. चिंध्या हलत नव्हत्या. गोळ्या तरीही सरकल्या. वारा सुटला आरोपातून.

खरी मजा पुढची. तुम्ही खिशातून पेन्सिल काढलीत, बारीक टोक केलंत, आणि स्कोपच्या, म्हणजे रायफलवरच्या नेम धरायच्या दुर्बिणीच्या, माउंटवरून (तिला धरून ठेवणाऱ्या पकडीवरून) खालच्या पट्टीवर एक सरळ रेघ ओढलीत. दोन्हीवर मिळून एकच रेघ. मग गोळ्या मारायला सांगितल्यात. वहीत दुसरा झुबका सुरू झाला तसं तुम्ही थांबवलंत आणि भिंग दिलंत. रेघ तुटली होती. वरचा तुकडा खालच्यापेक्षा केसभर पुढे. .२२ ला धक्का नसल्यासारखाच, त्यामुळे माउंट सरकेल हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. पट्टीवर आणि माउंटच्या आत जुनं तेल साचलं होतं, स्क्रू वरवर घट्ट लागायचा आणि माउंट तेलावर घसरायचं. तेल पुसून, कोरडं करून, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आवळल्यावर दुसरा झुबका गायब झाला.

आणि पहिला तसाच राहिला. डावीकडे सरकणं चालूच.

इथेच मी, किंवा कुणीही, म्हटलं असतं की माउंटचा काही संबंध नव्हता, परत पहिल्यापासून. तुम्ही सांगितलंत की दोन दोष एका वेळी असले की एक काढला तरी कागद वाईटच दिसतो आणि माणूस केलेली चांगली दुरुस्ती मोडून टाकतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि ठिपक्यांनी जे सिद्ध झालं त्याला परत हात लावायचा नाही. गेले कित्येक महिने माझ्या रायफलचं असंच होत होतं. कुणी स्कोप बदलायचं, कुणी काडतुसं, कुणी दोन्ही एकदम, आणि वही कुणाकडेच नव्हती.

मग वाळूची पिशवी. आधी पुढच्या लाकडाच्या टोकाखाली, नंतर मागे मॅगझिनजवळ. नेम तोच, नेमबाज तीच, आणि ग्रुप दोन वेगळ्या जागी. मग रिकामी रायफल मांडीवर घेऊन तुम्ही कॅलेंडरच्या पानाची पट्टी नळी आणि लाकडाच्या मधून टोकाकडून आत सरकवलीत. चार बोटं गेली आणि अडकली. उजव्या बाजूला. जरा जोर लावल्यावर पट्टी दुमडली आणि बाहेर काढली तर तिच्या कडेवर लाकडाची तांबूस भुकटी. लाकूड पावसाळ्यात फुगलं होतं. बाहेरून पॉलिश चकचकीत, पण नळी बसते त्या आतल्या खाचेला कधी कुणी काही लावलंच नव्हतं. तिथून ते आमच्या साताऱ्याची ओल पीत राहिलं आणि नळीला टेकलं. स्लिंगचा, म्हणजे हाताला अडकवायच्या पट्ट्याचा, ताण पडला, नळी थोडी तापली, की दाब बदलायचा आणि गोळी सरकायची. मेलेली म्हणून सांगितलेली नळी ठणठणीत होती.

तुम्ही स्वतः घासायला नकार दिलात. शस्त्राची दुरुस्ती परवाना असलेल्या दुकानातच, हे तुमचं म्हणणं कायद्याला धरून होतं, आणि मला तेही आवडलं. पण दुकानदाराला द्यायला तुम्ही जी चिठ्ठी लिहून दिलीत ती मी जपून ठेवली आहे. खाच किती मोकळी करायची, ती आधी पूर्ण वाळू द्यायची, मग आतून जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हातामध्ये वाळायला वेळ, आणि स्क्रू किती आवळायचे त्यासाठी डोक्यावर आणि लाकडावर जुळणारी खूण. खाली ठळक अक्षरात: "नळीच्या तोंडाकडून सळई घालू नये." तोंडाची कड जरा खरचटली तरी गोळी बाहेर पडतानाच वाकडी होते, हे तुम्ही त्या पोरींना नंतर नखावर फिरवून दाखवलंत.

काम होऊन आता आणखी एक पावसाळा गेला. ऐन श्रावणात, अंगातले कपडे वाळत नव्हते तेव्हा, मी पट्टी सरकवून बघितली. पार शेवटपर्यंत गेली.

पैशाचं विचारलं तर तुम्ही रागावलात. काकूंनी उलट मलाच डबा बांधून दिला. म्हणून जे तुम्हाला बघायला आवडेल तेच सांगते. २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन नेमबाजीत कांस्यपदक आणलं, तेव्हापासून आपल्या भागातली पोरं रायफल मागायला लागली आहेत. बहुतेकांच्या वाट्याला जुनी, दुसऱ्याच्या हातातली रायफल येते. गोळ्या चुकल्या की त्यांना पहिल्यांदा ऐकवलं जातं की तुझ्यात दम नाही. आमच्या रेंजवर आता आधी वही निघते, मग रायफलींची अदलाबदल, मग पेन्सिल, मग कागदाची पट्टी. त्यानंतर कुणी हाताबद्दल बोलायचं ते बोलावं. एक मुलगी रडत घरी जायला निघाली होती, तिच्या रायफलचा माउंट असाच घसरत होता. ती राहिली.

शिकारीच्या दिवसांत आजोबांची गोळी अशी सरकली असती तर जखमी ससा झुडपात जाऊन मेला असता, हे तुम्हीच एकदा सहज बोललात. जिथे अजून .२२ ने शिकार कायद्याने चालते तिथल्या माणसांनी तर कागदावर खात्री झाल्याशिवाय जनावरावर नेम धरूच नये, असंही म्हणालात. तुमचा स्वर तेव्हा एकदम बदलला होता.

सध्या रेंजवर एका मुलाच्या गोळ्या उभ्या रेषेत पडत आहेत. श्वास बघून झाला, अदलाबदल करून झाली, दोष रायफलचाच आहे. लॉट बदलला तरी तसंच, त्यामुळे माझा संशय पिनवर आहे. पण मी अजून कशाला हात लावलेला नाही. वही लिहून ठेवली आहे. रविवारी उजाडता गाडी घेऊन येते, काकूंनाही घेऊन चला.

तुमची कृतज्ञ,
रेंजवरची पोरगी