कुठे जातोस, ते सांगून जा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा मी म्हटलं, नाव घेऊन निघताना कुठे जातोस ते कळवत जा, तर तू म्हणालास, "आई, समुद्रावर मोकळं व्हायला जातो, तिथेही हजेरी लावायची का?" फोनवर उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तू लहान असताना तुझे बाबा मित्राबरोबर शिडाची नाव घेऊन गेले होते. सहापर्यंत पोचायचे होते. नऊ वाजून गेले तरी फोन नाही, तेव्हा मी तटरक्षक दलाला कळवलं. पलीकडून शांतपणे विचारलं, नावेचा रंग? पांढरा. शीड? तेही पांढरं. लाइफ जॅकेट किती, रेडिओ कुठला, वारा फिरला तर कुठल्या बंदरात शिरतील? मला यातलं काही सांगता येईना. फक्त दोघं आहेत, एवढंच ठाऊक. वारा खरंच फिरला होता. ते भलत्याच बंदरात नांगर टाकून झोपले होते आणि तिथे मोबाइलला रेंज नव्हती. पहाटेपर्यंत एक बोट त्यांना अंधारात शोधत होती. त्या बोटीवरही कुणाची तरी मुलं होती रे.

नंतर मी हिशेब मांडला. नाव बंद पडून ताशी २ सागरी मैल वाहत गेली आणि दिशा माहीत नसली, तर तासाभराने शोधायला साडेबारा चौरस मैल पुरतात. सहा तासांनी साडेचारशे लागतात.

दुपारच्या फेरफटक्यासाठी तटरक्षक दलाला कळवायची गरज नाही, हे मलाही पटतं. अमेरिकेचं दल तर कोण, कुठे, कधी जाणार याचे असे प्रवासाचे आराखडे स्वतःकडे घेतच नाही. किनाऱ्यावरच्या भरवशाच्या माणसाकडे ठेवा, म्हणतं. पण आराखडा हवाच. सोलास म्हणजे समुद्रावरच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार; त्यातला निघण्यापूर्वी प्रवासाची आखणी करण्याचा नियम जुलै २००२ पासून हौशी नावांनाही लागू आहे. रात्रीचा किंवा लांबचा पल्ला असेल आणि तिथलं दल नोंद घेत असेल, तर त्यांनाही सांग. बेत बदलला तर कळव आणि पोचल्यावर तर कळवच. नोंद तशीच उघडी राहिली की न हरवलेल्या माणसाचा शोध सुरू होतो.

मला नुसतं 'निघालो' पाठवू नकोस. माणसं किती, वाटेतली आडोशाची बंदरं कोणती आणि किती वाजेपर्यंत वाट पाहून मी फोन लावायचा, ते लिही. नावेचा बाजूने काढलेला फोटोही पाठव, शिडावरचा नंबर दिसेल असा.

तुझी,
आई