मी दारावर आदळले नाही, दार माझ्यावर आले

महोदय,

सायकलवाले रस्त्याच्या मधून चालवतात, हॉर्न दिला तरी डावीकडे सरकत नाहीत, हे एका मोटारचालकांचे पत्र कालच्या अंकात वाचले. रात्रभर डोक्यातून गेले नाही, म्हणून लिहिते आहे.

डावीकडून मी चाळीस वर्षे चालवली. माझे वय ६७. नोकरीत असताना कर्वे पुतळ्यापासून शनिवार पेठेत रोज सायकलनेच जात असे, आणि आजही भाजी, बँक, वाचनालय सगळे सायकलवरच. गेल्या पावसाळ्यात नळस्टॉपच्या अलीकडे उभ्या मोटारींच्या रांगेला अगदी लागून चालले होते, पत्रलेखकांना हवे तसेच. एका मोटारीचे चालकाच्या बाजूचे दार एकदम उघडले. ब्रेक दाबायलाही वेळ मिळाला नाही. बोटे दाराच्या कडेवर चेचली, हँडल फिरले आणि मी उजवीकडे भर रस्त्यात पडले. मागच्या पीएमपीच्या चालकाने बस जागच्या जागी थांबवली, म्हणून मी आहे. त्या माणसाचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानते. मोटारीतून उतरलेल्या गृहस्थांनी आधी दार वाकले का ते पाहिले. मग म्हणाले, "काकू, या वयात सायकल कशाला? रिक्षाने जायचं ना."

मनगटात प्लेट बसवावी लागली. तीन महिने माझी वेणी सुनेने घातली.

तेव्हापासून मी उभ्या गाड्यांपासून चांगले अंतर ठेवून चालवते. पूर्ण उघडलेले दार जवळजवळ तीन फूट बाहेर येते, हे आता मला कुणी सांगावे लागत नाही. पण तेवढे अंतर ठेवले की मागचा हॉर्न सुरू होतो. कर्वे रस्त्यावर मेट्रोचे खांब आले, तरी कडेच्या गाड्या तशाच उभ्या. डावीकडे दार, उजवीकडे बस. आम्ही सरकायचे कुठे, हे पत्रलेखकांनी सांगावे. सायकल मार्गावरून जा म्हणत असतील, तर एकदा सातारा रस्त्यावरच्या मार्गावरून त्यांनी स्वतः सायकल चालवून पाहावी.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. दार डाव्या हाताने उघडले तर खांदा आपोआप वळतो, मान मागे जाते आणि येणारा दिसतो. नेदरलँड्समध्ये ही सवय लावतात. ब्रिटनने २०२२ मध्ये ती आपल्या वाहतूक नियमावलीत घातली. खर्च एक पैशाचा नाही. माझा मुलगा आणि सून दोघेही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले, त्यांना हे कुणीही सांगितले नव्हते.

शिस्तीचे म्हणाल, तर याच पुण्यात सायकलला महानगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचे, डबलसीट दिसलो की चाकातली हवा सोडायचे. आम्ही ते मुकाट्याने पाळले. आजही सिग्नल तोडणारे आणि उलट्या बाजूने येणारे सायकलस्वार आहेत, मलाही त्यांची चीड येते. पण त्यांच्यामुळे मोटारीत बसलेल्याचे मनगट मोडत नाही.

आता तुमच्याकडे एक तक्रार. चौकीत हवालदारांनी लिहून घेतले, 'सायकल दारावर आदळली'. मी म्हटले, दार उघडले हे लिहा. ते म्हणाले, "एकच झालं ना, काकू." एकच नाही. आणि तुमच्या बातम्याही अशाच असतात: 'मोटारीच्या दाराला धडकून सायकलस्वार जखमी'. वाचणाऱ्याला वाटते, दार तिथे आधीपासून उघडेच होते आणि सायकलस्वार डोळे मिटून आला. मोटार चालवणारा माणूस त्या बातमीत नसतोच. पुढच्या वेळी दार कुणी उघडले ते पहिल्या वाक्यात छापा.

— एक वाचक, कोथरूड, पुणे