माळ्यावरची सीडी

प्रिय जोएल,

तुझी ती सीडी हरवली नव्हती. मी लपवली होती.

परवा नाताळच्या तयारीला माळ्यावर चढले. जुन्या गोठ्याच्या मूर्ती आठवतात ना, एका राजाचा हात तुटलेला? त्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली सापडली. स्वीडनच्या थेरियन या मेटल बँडची, ‘सीक्रेट ऑफ द रून्स’. तू दहावीला होतास. मला कुणीतरी सांगितलं की थेरियन म्हणजे ग्रीकमध्ये पशू, बायबलच्या शेवटी प्रकटीकरणाच्या पुस्तकात आहे तोच. झालं. तू घरभर शोधलीस, मीही तुझ्याबरोबर पलंगाखाली वाकून शोधल्याचं नाटक केलं. पशूचा अर्थ बरोबरच होता म्हणा. पण त्या बँडच्या मुलांनी नाव उचललं होतं दुसऱ्या एका बँडच्या अल्बमवरून, हे मला आत्ता कळलं.

डॅडींचा म्युझिक सिस्टिम अजून चालतो, फक्त ड्रॉवर चमच्याने उघडावा लागतो. सीडी घातली ती तुझी आठवण म्हणून. दोन मिनिटांत बंद करणार होते, पण तोवर हात करंज्यांच्या सारणात गेले होते. म्हणून ऐकली. आणि मग हात धुऊन, खुर्ची ओढून, पहिल्यापासून परत ऐकली.

मी मुख्य गायकाची वाट बघत बसले होते रे. आता येईल, मग येईल. गिटार धडधडतेय, ड्रम चाललेत, आणि गातंय कोण, तर क्वायर, आपल्या चर्चमध्ये असतो तसा गायकांचा ताफा! मधूनमधून एकटा आवाज येतो, नाही असं नाही, पण गाण्याचा भार क्वायरवर. बाकीच्यांच्या गाण्यांत क्वायर म्हणजे मागे सोडलेला धूप असतो, जरा भव्य वाटावं म्हणून. इथे चाल सोप्रानो-टेनरच्या, म्हणजे बायकांच्या आणि पुरुषांच्या वरच्या आवाजांच्या, गळ्यात आहे आणि गिटार आपल्या ऑर्गनचं काम करतेय, खालून धरून ठेवायचं. इतकी वर्षं आल्टोत, बायकांच्या खालच्या आवाजात, उभी आहे मी. सगळ्यांचं लक्ष वरच्या आवाजाकडे, आणि आपण मधली वीट. या रेकॉर्डिंगमध्ये मधली वीट ऐकू येते. हे ज्याने बसवलं तो क्रिस्टोफर यॉन्सन स्वतः आधी घसा खरवडून ओरडायचा म्हणे. 1987 साली स्टॉकहोमजवळ बँड काढला, आणि सुरुवातीच्या वर्षांत हे लोक डेथ मेटलवाले. 1996 च्या ‘थेली’ या अल्बमपासून क्वायर पुढे आणला, आणि ही सीडी 2001 ची.

गाणी अकरा. पहिलं गिनुंगागाप, म्हणजे काहीच नव्हतं तेव्हाची पोकळी. मग उत्तर युरोपच्या जुन्या नॉर्स पुराणकथांतल्या नऊ जगांची नऊ गाणी, आणि शेवटी रून्स, म्हणजे त्यांची जुनी अक्षरं. गंमत अशी की जुन्या आइसलँडी काव्यांत नऊ जगं असा उल्लेख येतो, पण ती नऊ कोणती याची सरळ यादी कुठेच नाही. ती नंतरच्यांनी जुळवली. यातले शब्द लिहिणाऱ्या थॉमस कार्लसननेही आपली जुळवणी केलीय. आगीचं मुस्पेलहाइम दोन-अडीच मिनिटांत भडकून संपतं, हे मला फार पटलं. काळ्या एल्फांचं, म्हणजे त्या कथांतल्या काळ्या यक्षांचं, गाणं तर चक्क जर्मनमध्ये आहे. काही ठिकाणी गिटार उगाच लांबते, ते मी स्पष्ट सांगते.

पण तू याला ‘वायकिंग मेटल’ म्हणायचास. जहाजं कुठायत यात, तलवारी कुठायत? मी मग शोधून बॅथरी या बँडचं ऐकलं, 1990 चं ‘हॅमरहार्ट’. तेही स्वीडनचंच, आणि वायकिंग मेटल तिथून सुरू झालं असं बरेच जण मानतात. ते जास्त रांगडं आहे. त्याच्या पुढच्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात मी दचकले, कारण ती चाल मला पाठ होती! होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या ‘प्लॅनेट्स’मधल्या ज्युपिटरची. आपण इंग्रजी मिस्साला तीच चाल गातो. ज्युपिटर म्हणजे गुरू, आणि आपला गुरुवार तो त्यांच्या थॉर देवाचा वार. बुधवार त्यांच्या सगळ्यात मोठ्या देवाचा, ओडिनचा. चालसुद्धा बरोबर घरी पोचली म्हणायची.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला हेलहाइमपाशी, म्हणजे मेलेल्यांच्या जगाच्या गाण्यापाशी. म्हातारपणाने, आजाराने जे गेले ते तिथे जातात. लढाईत मेलेले वेगळीकडे, मोठ्या दिवाणखान्यात. तिथली राणी हेल, अर्धी माणसाच्या रंगाची, अर्धी काळीनिळी. तिच्या ताटाचं नाव भूक आणि सुरीचं नाव उपासमार. हे 1220 च्या सुमारास स्नोरी स्टुर्लुसन नावाच्या आइसलँडी माणसाने लिहून ठेवलंय. रोज चार ताटं वाढणाऱ्या बाईला ही दोन नावं पुरतात, पुढे भीतीचं काही सांगावं लागत नाही. आपल्याकडे नरकात आग. त्यांची हेल धुक्यात आणि थंडीत. जिथे थंडीने माणसं मरतात तिथे हे असंच असणार.

आणि ओडिन एका झाडावर नऊ रात्री टांगून घेतो, अंगात भाला, खायला-प्यायला कुणी दिलं नाही, तेव्हा त्याला रून्स मिळतात. झाड, भाला, तहान. पवित्र शुक्रवार, येशूच्या क्रूसाचा दिवस, जिने इतक्या वेळा गायलाय तिला ते वाचताना कसं झालं असेल, तूच समज. फरक एवढाच की हा स्वतःलाच स्वतःचा बळी देतो, आणि ते अक्षरांसाठी.

अकरा गाणी संपली असं वाटलं तर पुढे अजून दोन निघाली, एक स्कॉर्पियन्स या रॉक बँडचं आणि एक आब्बा या पॉपवाल्यांचं! नऊ जगं पालथी घालून झाल्यावर आब्बा. मी एकटीच स्वयंपाकघरात हसले, डॅडी बघायला आले.

चुकलंच माझं. तेव्हा एकदा नीट ऐकली असती तर तुझ्याशी भांडण्यात दहावीचं वर्ष गेलं नसतं. सीडी कुरियरने पाठवणार नाही, ड्रॉवर चमच्याने उघडायचं तंत्र तुला जमत नाही, आणि मला ती अजून लागणार आहे. तू चोवीसला येतोयस ना? उजळ एल्फांच्या जगाच्या गाण्यात, ल्युसालफहाइममध्ये, एका जागी आल्टो खाली उतरते की तिथेच थांबते, ते मला पाच वेळा ऐकूनही नक्की लागत नाही. तुझे चांगले हेडफोन घेऊन ये.

तुझी,
मम्मी